पंचाची पोर

"साहेब, हा पंच नाही. हे पोलीस ठाण्याचं फर्निचर आहे."

वकीलसाहेब असं म्हणाले आणि अख्खं कोर्ट हसलं. शिपाई हसला. कारकून हसला. जुगाराच्या केसमधले आरोपी तर मांडीवर थाप मारून हसले. न्यायाधीशांनी मान खाली घालून ओठ आवळले, तेही मला दिसलं. साक्षीच्या पिंजऱ्यात माझे अब्बा उभे होते. ठेवणीतला धुतलेला सदरा घालून. सगळे हसले तसे तेही हसले.

मी सातवीत होते. शाळेला सुट्टी होती म्हणून अब्बांबरोबर तालुक्याचं कोर्ट बघायला गेले होते. वकीलसाहेबांचा राग आला तो नंतर. आधी राग आला अब्बांचा. बाहेर आल्यावर विचारलं, तुम्ही कशाला हसलात? ते म्हणाले, मोठी माणसं हसत असताना आपण तोंड पाडून उभं राहिलं तर ती आणखी खोदतात. हसून घेतलं की लवकर सोडतात. आमच्या घरातलं बोलणं दखनीत चालतं, मी ते इथं मराठीत सांगतेय. पण त्या दिवशी त्यांचा आवाज कसा होता, ते मला कुठल्याच भाषेत सांगता येणार नाही.

अब्बांचा केळ्यांचा गाडा पोलीस ठाण्यासमोर. उन्हाळ्यात आंबे, मोसंबी, एरवी केळी. आम्ही बागवान, आजोबांपासून हाच धंदा. आता पंच म्हणजे काय ते सांगायला हवं. पोलिसांनी काही जप्त केलं की त्याचा पंचनामा करावा लागतो, आणि तो डोळ्यांनी बघणारी दोन बाहेरची माणसं लागतात. कायद्याला ही माणसं तटस्थ लागतात. ठाण्याला ती जवळ लागतात. अब्बांच्या गाड्याहून जवळ दुसरं काही नव्हतं.

हातभट्टी पकडली, मटका पकडला, चोरीची सायकल सापडली, की हवालदार पायरीवरून हाक मारायचा. अब्बा गाडा शेजारच्याला बघायला सांगून आत जायचे, बोट ठेवतील तिथं सही करायचे आणि परत येऊन केळी विकायचे. आत काय लिहिलंय ते त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर गाडा दुसऱ्याच दिवशी रहदारीला अडथळा ठरला असता. मग कोर्टात तारीख लागायची. सरकारी वकील विचारायचे, माल तुमच्यासमोर जप्त केला? अब्बा म्हणायचे, हो. समोरचे वकील विचारायचे, सही ठाण्यात बसून केली? अब्बा म्हणायचे, हो. दोघांनाही हो. दोघंही खूश. आरोपी सुटायचा आणि अब्बा गाड्यावर परत यायचे.

मी वाढले ती अशा घरात. लिहिलेल्या शब्दावर आमच्या घरात कुणाचा विश्वास नव्हता. मला तर कशावरच नव्हता. अम्मी म्हणायची, ही पोरगी दुधात पाणी नसलं तर का नाही म्हणून विचारेल.

अकरावीला असताना आमच्या गावाबाहेरच्या जिनिंगवर, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, एक हमाल मेला. दिंद्रुडकडचा होता. ऐन कापसाच्या हंगामात त्यानं घरी जायला सुट्टी मागितली, आणि मालकाच्या पुतण्यानं त्याला लोखंडी गजानं मारलं. सगळ्यांसमोर मारलं. सगळ्यांनीच पाठ फिरवली होती असं नंतर सगळ्यांनी सांगितलं.

तेव्हा ठाण्यात एक नवीन फौजदार आला होता. तरुण होता, त्याला अजून गावाची सवय लागली नव्हती. त्यानं पंच म्हणून अब्बांना बोलावलं ते मात्र रीतसर. पुतण्यानं ठाण्यात अब्बांसमोर सांगितलं, गज मी लपवलाय, दाखवतो. मग अब्बांना जीपमध्ये बसवून जिनिंगवर नेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. पुतण्यानं स्वतः सरकीच्या ढिगात हात घातला आणि गज काढून दिला. गजाला केस चिकटले होते. अब्बा त्या दिवशी घरी आले आणि जेवले नाहीत. अम्मीनं विचारलं तर एवढंच म्हणाले, आज सही केली ती वाचून केली.

पुढं तो फौजदार बदलून गेला. पुतण्याला जामीन मिळेना. त्याचे वकील कोण, ते वेगळं सांगायला नको. आमच्या तालुक्यात मोठ्या घरचं पोरगं अडकलं की एकाच चेंबरची पायरी चढायची असते.

आणि त्याच सुमाराला वकीलसाहेबांना माझी आठवण झाली.

झालं असं होतं. कॉलेजात इंग्रजीच्या सरांनी आम्हाला सांगितलं होतं की दूरच्या राज्यात कायद्याचं एक नवं मोठं कॉलेज निघालंय. बारावीनंतर पाच वर्षं. आधी प्रवेश परीक्षा, सगळी इंग्रजीत. मी घरी येऊन म्हणाले, मी ही परीक्षा देणार. अब्बांनी ते गाड्यावर येईल त्या गिऱ्हाईकाला सांगितलं. केळी घ्यायला थांबलेल्या वकीलसाहेबांनाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला. माझा मुलगा अभय पण तीच परीक्षा देतोय, मुलीला पाठवा, दोघं मिळून अभ्यास करतील.

अम्मीनं साखर वाटायची तेवढी बाकी ठेवली होती. मी विचारलं, कावून? एवढा पुळका कावून आला? अम्मी म्हणाली, माणूस चांगलं वागला तरी तुझं पोट दुखतं.

मी गेले. संशय होता तरी गेले, कारण त्यांच्याकडं दिल्लीहून टपालानं नोट्स यायच्या, आणि माझ्याकडं बीडहून आणलेलं एक जुनं व्याकरणाचं पुस्तक होतं. चेंबरच्या पुढच्या खोलीत अभय टेबलाशी बसायचा. मी दाराजवळच्या, पक्षकारांच्या बाकावर. मला टेबलाशी बस असं कुणी म्हटलं नाही. बसू नको असंही कुणी म्हटलं नाही. नोट्स तिथंच वाचायच्या, घरी न्यायच्या नाहीत.

वकीलसाहेब आल्यागेल्या माणसाला सांगायचे, बघा, बागवानाची पोरगी, पण मी दोघांत फरक करत नाही. मला म्हणायचे, साहेब कशाला म्हणतेस, काका म्हण. आता काळ बदललाय, बाहेरच्या कंपन्या येणार, त्यांना वकील लागणार, कोर्टात उभं राहून घसा कोरडा करायचे दिवस गेले. जगाच्या व्यापाराचा गॅट करार म्हणजे काय ते त्यांनी मला समजावून सांगितलं. फार छान सांगितलं. शिकवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मला कबूल करावंच लागेल. मी काही त्यांना काका म्हणाले नाही.

त्या परीक्षेत एक प्रकार होता. आधी कायद्याचं तत्त्व दिलेलं, मग एक प्रसंग, मग निकाल ओळखायचा. तत्त्व, परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीत जाणं हा अपराध आहे. प्रसंग, अमुक माणूस तमुक माणसाच्या शेतात शिरला. अपराध झाला की नाही? अभय एका दमात उत्तर द्यायचा. मी अडायचे. विचारायचे, शिरताना बघितलं कुणी? शेत त्याचंच कशावरून? हे लिहून कुणी घेतलं, पोलिसांनी? अभय पोट धरून हसायचा. माझी सगळी उत्तरं चुकायची ती इथंच. इंग्रजीत नाही, गणितात नाही. प्रसंग लिहिलाय म्हणून तो घडला असं धरून चालायचं, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. पंचाच्या घरातलंच पोर अशी चूक करणार, दुसरं कोण करणार.

वकीलसाहेब एकदा शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, परीक्षेत प्रसंगावर संशय घ्यायचा नसतो. दिलंय ते खरं मानायचं आणि पुढं जायचं."

मी ते शिकले. जिभेखाली कडू गोळी धरावी तसं धरलं आणि शिकले. बारावीच्या हिवाळ्यापर्यंत माझी उत्तरं अभयच्या बरोबरीनं यायला लागली, आणि मग त्याच्या पुढं जायला लागली. त्यानंतर अभय हसायचा बंद झाला. मला पहिल्यांदाच वाटायला लागलं की हे खरंच होईल. मी त्या कॉलेजची स्वप्नं बघायला लागले. तिथं मला कुणी ओळखत नसेल, अब्बांना कुणी ओळखत नसेल, याचंच मला सगळ्यात जास्त सुख वाटायचं.

अर्जाला दोन प्रतिष्ठित नागरिकांचे चारित्र्याचे दाखले जोडायचे होते. आमच्या गल्लीत चारित्र्य होतं, प्रतिष्ठित कुणी नव्हतं. वकीलसाहेब म्हणाले, एक मी देतो, दुसरा नगराध्यक्षांकडून आणतो, तू काळजी करू नको. मी काळजी करायला लागले ती तिथून.

एका संध्याकाळी अभय लवकर उठून गेला. वकीलसाहेबांनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि पहिल्यांदाच समोरच्या खुर्चीवर बसवलं. टेबलावर दोन्ही दाखले टाइप करून ठेवले होते. सह्या व्हायच्या होत्या. मी हिला लहानपणापासून ओळखतो, असं त्यात लिहिलं होतं. लहानपणी त्यांनी मला एकदाच बघितलं असेल, आणि तेव्हा ते माझ्या बापावर कोर्ट हसवत होते.

त्यांनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं. म्हणाले, "जिनिंगची केस उन्हाळ्यात उभी राहील. बघणारं कुणी बोलणार नाही, दुसरा पंचही नाही; उरले अब्बा. अब्बांना वेगळं काही करायचं नाही. नेहमी म्हणतात तेच म्हणायचं. सही ठाण्यात केली, जागेवर गेलो नव्हतो."

मी म्हणाले, "पण ते गेलते."

"आजवर जिथं गेले नव्हते, तिथं गेलो म्हणालेच ना? आता गेले होते तिथं नव्हतो म्हणायचं. फिट्टंफाट."

ते आवाज न चढवता बोलत होते. गॅट करार समजावला तसेच. वर असंही म्हणाले की यात मी काही मागत नाही, तू घरची आहेस म्हणून सांगतो. दाखले त्यांनी माझ्या बाजूला जरासे सरकवले. दिले नाहीत. सरकवले.

माझा संशय खरा ठरला होता. त्याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

घरी सांगितलं. अम्मी एकदम बोलायला लागली. तो हमाल आपला कोण? त्याच्यासाठी गावातलं कुणी बोललं का? त्याच्या बरोबरीचे हमाल बोलले नाहीत, मग सगळं पुण्य आपल्याच गाड्यावर लादायचं? आयुष्यभर हे दुसऱ्यांसाठी खोटं बोलले, एकदा पोरीसाठी बोलले तर काय झालं? अम्मीचं काही चूक नव्हतं. तिचं मला पटत होतं, आणि पटतंय याचीच भीती वाटत होती.

अब्बा कधीचे ऐकत होते. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू बोलेगी वैसाच बोलूंगा, बेटा." आणि म्हणाले, "लेकिन इस बखत मैं देख्या."

एवढं बोलून ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मी रडले. ते त्या हमालासाठी नाही, हे सांगून टाकते. मला ते कॉलेज हवं होतं. लई हवं होतं. मी त्या हमालावर चिडले, त्या नव्या फौजदारावर चिडले. कशाला नेलं अब्बांना जीपमध्ये? नेहमीसारखी ठाण्यातच सही घेतली असती तर आज अब्बा खरंच म्हणाले असते, मी गेलो नव्हतो. खरं सांगूनही माझं काम झालं असतं. एकदाच त्या माणसाला कुणी माणसासारखं वागवलं, आणि ते नेमकं माझ्या मुळावर आलं.

आणि हे मनात आलं तिथंच मी थांबले. मी काय बोलतेय ते माझं मलाच ऐकू आलं. माझा बाप माणूस नसावा, गाड्यामागं उभी असलेली एक सही असावी, म्हणजे मला पुढं जाता येईल. आजवर त्यांना फर्निचर दुसऱ्यांनी केलं होतं. आता मी करायला निघाले होते. वकीलसाहेबांना माझ्यात हुशारी दिसली नव्हती. त्यांना माझ्यात अब्बांना धरायची मूठ दिसली होती. आणि मी त्या मुठीला नोट्स वाचून वाचून चकाकी आणत होते.

दुसऱ्या दिवशी चेंबरवर गेले. अभय टेबलाशी होता, दोन पक्षकार बाकावर होते. वकीलसाहेब म्हणाले, आत ये. मी आत गेले नाही. दारातच उभं राहून सांगितलं,

"माझा बाप जे बघितलं तेच सांगनार हाय."

पक्षकारांनी माझ्याकडं बघितलं, मग वकीलसाहेबांकडं. ते रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि शांतपणे विचारलं,

"मग चारित्र्याचा दाखला कशाचा देऊ तुला?"

"नका देऊ."

एवढंच झालं. पायरीवर चपला घालताना पट्टा सापडेना. पाठीमागून अभयचा वाचायचा आवाज येत होता. तो मोठ्यानं प्रश्न वाचत होता आणि मी सवयीनं मनात उत्तर देत होते.

मग मी दाखल्यासाठी दारोदार फिरले. प्राचार्य म्हणाले, वकीलसाहेबांचा घेतलास ना, मग माझा कशाला? घेतला नाही म्हटल्यावर ते म्हणाले, बघू. चौसाळ्याहून येणारे डॉक्टर अम्मीला चांगले ओळखायचे, त्यांनी पेन उचललंही, मग विचारलं, वकीलसाहेबांशी काही झालंय का? आणि पेन ठेवलं. कुणी नाही म्हणालं नाही. आमच्याकडं नाही म्हणायची रीत नाही. बघू म्हणतात. मी अर्ज दाखल्यांशिवाय पाठवला. अपूर्ण म्हणून तो परत आला. परीक्षेच्या दिवशी अभय परीक्षा देत होता आणि मी गाड्यावर मोसंबी पुसत होते. पुढं त्याला प्रवेश मिळाला. मी त्याच्याहून चांगले होते. हे मी तेव्हा कुणालाच म्हणाले नाही, आज म्हणते.

उन्हाळ्यात खटला उभा राहिला. जिल्ह्याच्या कोर्टात मी अब्बांबरोबर गेले. हमालाची बायको भिंतीला टेकून बसली होती. अब्बांनी सगळं सांगितलं. जीप, सरकीचा ढीग, गज. मग वकीलसाहेब उठले. त्यांनी विचारलं, आजवर किती पंचनाम्यांवर सह्या केल्या? अब्बा म्हणाले, मोजल्या न्हाईत. त्यातले डोळ्यांनी किती बघितले? अब्बा म्हणाले, एक. हाच. वकीलसाहेबांनी न्यायाधीशांकडं वळून विचारलं, मग हाच बघितला, हे आम्ही कशावरून ओळखायचं?

कुणी हसलं नाही. अब्बाही हसले नाहीत. तेवढंच माझ्या पदरात पडलं.

पुतण्या सुटला. हा पंच नेहमीचा आहे, भरवशाचा नाही, असं कोर्टानं म्हटलं. ज्या पोलिसांनी त्यांना नेहमीचं केलं, त्यांना कुणी काही विचारलं नाही. ज्या वकिलांनी त्यांच्या खोट्यावर आपले आरोपी सोडवले, त्यांनीच त्यांच्या खऱ्यावर आरोपी सोडवला. गरिबाची सही आधी फुकट वापरून बाटवायची, आणि मग ती बाटलेली आहे म्हणून फेकून द्यायची. हे एका माणसाचं काम नव्हतं. हा सगळ्यांचा मिळून चालवलेला धंदा होता, आणि त्याला सगळे न्याय म्हणत होते. हमालाची बायको अब्बांजवळ आली, हात जोडून गेली.

त्या दिवशी परतीच्या एसटीत मला राग नव्हता. डोकं अगदी स्वच्छ झालं होतं. मला त्या दूरच्या कॉलेजात जायचं होतं ते इथून पळून जायला. आता पळायचं नव्हतं.

मी बी.ए. केलं आणि जिल्ह्याच्या गावी, संध्याकाळी भरणाऱ्या कायद्याच्या कॉलेजात नाव घातलं. तिथं प्रवेश परीक्षा नव्हती. कुणाचा दाखला लागत नव्हता. मैत्रिणीनं सांगितलं, तिथं तर वकीलसाहेब शिकवायला येतात, पुरावा कायदा. म्हणाली, तुला चालेल? मी म्हणाले, तेच येणार असतील तर लई बरं.

मी पहिल्या बाकावर बसले. वकीलसाहेब आले. केस पिकले होते. हजेरी घेता घेता माझ्या नावापाशी थांबले, वर बघितलं आणि तोंडभर हसले. वर्गाला म्हणाले, "ही आमची जुनी विद्यार्थिनी. कायद्याची गोडी हिला मीच लावली."

सगळा वर्ग माझ्याकडं कौतुकानं बघायला लागला. मी उठून उभी राहिले. म्हणाले, "जुनी न्हाई सर. आजपासून हाय."

त्यांचं हसू जरा वेळ तसंच राहिलं, मग गेलं. त्यांनी पुस्तक उघडलं आणि शिकवायला लागले. साक्षीदाराला खोटा कसा पाडायचा, ते शिकवत होते. फार सुरेख शिकवत होते. मी एक शब्द सुटू दिला नाही. या माणसाकडं आहे ती सगळी विद्या काढून घ्यायची, ती घेऊन त्याच्याच समोर उभं राहायचं, आणि त्याचे आभार कधीच मानायचे नाहीत, हे मी त्या बाकावर ठरवलं.